‘जीवितहानी नाही’ असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वणव्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ यंदा आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सातपुड्यात आग लागली, तेव्हाही तेच छापून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. राख अजून कोमट होती. गवताच्या जळक्या ठोंबाशी तित्तराची अंडी होती. सहा. काळवंडून तडकलेली. चार पावलांवर एक घोरपड बिळाच्या तोंडाशीच भाजून पडली होती. वर साग, सलई, अंजन मात्र उभेच. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, जंगल वाचलं.

आपल्याकडची आग बहुतेक अशीच असते. शेंड्याला जात नाही, पालापाचोळ्यातून सरकत राहते. जे जमिनीवर राहतं, हळू चालतं, ज्याला अजून पंख फुटलेले नाहीत, ते आधी जातं. जुनं पोकळ झाड तर आतून धुराड्यासारखं पेटतं, आणि अशाच ढोलीत रानपिंगळा पिल्लं वाढवतो. शंभराहून जास्त वर्षं खात्रीने न दिसलेला, नामशेष समजला गेलेला हा पक्षी 1997 साली आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. खान्देशाने जगाला परत दिलेला हा जीव आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवायला हवं.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवणं, बांधावरचा काडीकचरा जाळून निघून जाणं हे पूर्वीही होतं. पण आता थंडी लवकर सरते, जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि पूर्वी ओढ्याच्या ओलीपाशी विझणारी आग कोरडा ओढा ओलांडून पलीकडे जाते. यात एकट्या पाड्यांना दोष देणं मला पटत नाही. हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला आधी तीच माणसं धावतात. त्यांना मोहाखाली अंथरायला जाळ्या द्या, पाचोळा पेटवायची गरजच उरणार नाही. आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात गवत-पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारी उजाडायच्या आत साफ व्हाव्यात. आमच्याकडे त्या आग लागून गेल्यावर साफ झाल्या.

ऑस्ट्रेलियात 2019-20 च्या वणव्यांत सुमारे 300 कोटी प्राणी मेले किंवा बेघर झाले, असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी काढला. आपल्या बातमीत फक्त हेक्टर असतात. तुमच्या वार्ताहराला एकदा राख निवल्यावर तिथे पाठवा, आणि त्याला जे दिसेल ते छापा.

आपला,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव