रानमेवा गोळा करण्याचा हक्क कागदावर यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, तर मृगाच्या पावसानंतर अळंबी, टाकळा आणि बांबूचे कोंब घेऊन जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातील बायका खानापूर-बेळगावच्या बाजारात येतात. आपण हा माल चवीने घेतो. मात्र वाटेत वनरक्षक दिसला की त्यांतल्या कित्येकींना पाटीवर पदर ओढावा लागतो. कायदा पाहता असे लपण्याचे त्यांना कारण नाही.

2006 च्या वन हक्क कायद्याच्या कलम 3 नुसार पूर्वापार गोळा होणारे गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचा हक्क असून कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, कंदमुळे, औषधी वनस्पती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 2012 च्या नियमदुरुस्तीने साठवण, प्रक्रिया आणि वाहतूकही त्यात आली. अभयारण्येही या कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे भीमगडच्या हद्दीतील गावांना ‘इथे काहीच चालत नाही’ असे सरसकट सांगणे योग्य नव्हे. शिकारीला अर्थातच मुभा नाही.

अडते ते कागदावर. आपल्याकडील गवळी आणि कुणबी कुटुंबे येथे अनुसूचित जमातीत मोडत नसल्याने त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते आणि लोक तेथेच हाय खातात. वास्तविक गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही नियमांत मान्य असलेला पुरावा आहे. माझ्या पाहण्यात जमिनीच्या वैयक्तिक दाव्यांसाठी सगळे धावतात, पण वनोपजाचा सामूहिक दावा ग्रामसभेत मांडायला कोणी उठत नाही. त्यातून कागदपत्रे कन्नडमध्ये असली की सह्या करणाऱ्यालाच मजकूर कळत नाही. राज्यघटनेचे कलम 350 गाऱ्हाणे मराठीतून मांडण्याची मुभा देते, तिचा तरी आपण उपयोग करावा.

हे हक्क तेथील रहिवाशांचे आहेत. सुट्टीत गाडी काढून पिशव्या भरायला जाणाऱ्या शहरी हौशी मंडळींना ते लागू नाहीत, आणि मालकीच्या रानात तर मालकाला विचारलेच पाहिजे. या मंडळींना खरी गरज आहे ती शिकण्याची. कळलावीचा कंद खाण्याजोग्या कंदासारखा दिसतो, पण त्यातील कोल्चिसिन जीवघेणे ठरते. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. जाणती बाई भोवतीची माती उकरून तो तपासते आणि एवढ्यावरही न थांबता छत्री, वास, जागा असे सगळे पाहूनच ती पाटीत टाकते. मोबाइलवरच्या फोटोवरून हे येत नाही.

जैवविविधता कायदा 2002 नुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील वनस्पती-प्राणी आणि त्यांविषयीच्या पारंपरिक माहितीची नोंद, अपेक्षित आहे. खानापूर तालुक्यातील ग्रामपंचायतींनी ही नोंद याच बायकांना बसवून, त्यांच्याच तोंडच्या मराठी नावांनी करावी, शाळकरी मुलांना पावसाळ्यात त्यांच्याबरोबर रानात पाठवावे आणि शिकवणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी द्यावी. तालुका प्रशासनाने सामूहिक दाव्याचे अर्ज मराठी भाषांतरासह पुढील ग्रामसभेपूर्वी गावोगाव पोहोचवावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव