पाट्याशी झिजलेली हाडं

दादर, मुंबई

प्रिय सुमन,

नातीच्या शेतीच्या धड्यात पेरणारा पुरुष, कापणाराही पुरुष आणि बाई तेवढी चुलीशी, हे तू लिहिलंस आणि माझा जीव तुटला गं.

सीरियात युफ्रेटिसकाठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं, जगातल्या अगदी पहिल्या शेतकरी गावांपैकी. तिथले सांगाडे हाडांच्या अभ्यासक थिया मोलसन यांनी तपासले. बायकांच्या पायांचे अंगठे झिजलेले, गुडघे आणि कमरेचे मणके दुखावलेले. पायाची बोटं दुमडून, गुडघ्यांवर बसून पाट्यावर धान्य भरडायचं, रोज, तासन्‌तास, त्याचा हा परिणाम. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेती नवी होती त्या काळातल्या, बायकांची हाडं मोजली, तर दंडाचं हाड आजच्या वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींपेक्षा ११ ते १६ टक्के मजबूत भरलं!

पण मला कष्टांपेक्षा त्यांच्या अकलेचं अप्रूप जास्त. रानगव्हाची लोंबी पिकली की दाणे झडून जातात. कापणीत हाती लागतात ते चिकटून राहिलेले. तेच पुन्हा पेरत पेरत, पिढ्यान्‌पिढ्यांनी न झडणारा गहू झाला. आणि दाणे, कंदमुळं गोळा करणं हे शिकारीवर जगणाऱ्या बहुतेक भटक्या समाजांत बायकांचंच काम. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी तर मडकी आणि सूतकताईचं श्रेयही बायकांनाच दिलं होतं.

आमच्याकडे दरवर्षी पहिल्या पावसाला बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेजारी काकडांचे, म्हणजे आंबट रानफळांचे वाटे. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, काकडांच्या आंबटपणानं खाज मरते. नवखं गिऱ्हाईक दिसलं की त्या आधी बजावतात, "काकडं घे, नायतर घसा धरंल." कुणीतरी आधी स्वतःचा घसा खाजवून घेतला असेल तेव्हा हे कळलं ना! अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली. मला फार आनंद झाला होता. हे जपणं किती जुनं आहे!

इनामगाव तर तुझ्याच शिरूर तालुक्यातलं. १९६८पासून डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. जव पिकवणारी, धान्य साठवणारी तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली, आणि एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्तीसुद्धा. नातीला घोड नदीकाठी घेऊन जा आणि हे सगळं तिथं उभं राहून सांग. पाऊस लागायच्या आत जा मात्र, काळ्या मातीत मग पाय रुततात.

तुझीच,
विद्या