पहिल्या चवथीआधी

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. फोनवर "आम्ही बरी आहोत गो" याच्या पुढे तुम्ही दोघं सरकत नाही, म्हणून. शेजारच्या काकी मात्र सगळं सांगतात. बाबा संध्याकाळी सोप्यावर बसतात आणि मी ज्या कदंबातून ऑफिसहून यायचे ती बस जाईपर्यंत उठत नाहीत. आई माझ्या पलंगावरची चादर दर आठवड्याला धुते, वापरणारं कोणी नसताना.

बाबा, सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झाली तेव्हा तुम्ही किती खुशीत होता! दुसऱ्या सहीला तर साक्षीदारांना बाहेर नेऊन सोडा पाजलात. कायद्याने लेक तिथेच परक्याची झाली होती, तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही. मांडवातही नाही. दादा म्हणाला, सगळे गेल्यावर मांडववाल्याचे पैसे मोजताना तुम्ही पुन्हा पुन्हा चुकलात, शेवटी नोटांचं पुडकं त्याच्या हातात देऊन न्हाणीघरात गेलात. मला हे कोणी कळूही दिलं नाही.

ह्यांच्या पुण्याच्या मामांना तुम्हीच ऐटीत सांगत होता ना, की 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आमच्या गोव्यात मुलीला मुलाइतकाच वारसा? मग गेल्या खेपेला मी आले तर पाहुण्यांचे कप का बाहेर निघाले? कागदावर घराची वाटेकरीण, आणि पुढ्यात बशीत मांडलेली बिस्किटं! आई तर विचारत होती, साखर किती घालू. मला हसू आलं आणि घशाशी काहीतरी दाटलंही.

वाईट वाटतं तर वाटू दे. ते लपवायला इतकी मेहनत कशाला? मलाही इथे रात्री घरचा रहाट आठवतो. सासरची माणसं चांगली आहेत म्हणून तो आठवायचा थांबत नाही.

आणि एक. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, हे आजीच्या काळातलं आता पुरे. डिचोलीहून फोंड्याला तासाभराची वाट, आणि तुम्ही येता ते पाणी पिऊन परत फिरायला. सासूबाई मला विचारतात, "विहीणबाईंना आमच्या हातचं आवडत नाही काय?" काय सांगू त्यांना?

आता गणपतीची चवथ. लग्नानंतरची पहिलीच म्हणून टेम्पोभर वजें, लेकीच्या सासरी द्यायचा तो फळं-फराळाचा थाट, आणायचा बेत कानावर आलाय. आणा, नको म्हणत नाही, इथेही सगळ्यांना हौस आहे. पण आईच्या गुडघ्यांकडे बघून आणा. चार घरं मोजत बसतील, एवढ्यासाठी नको. मला तर वाटतं, मोजणाऱ्यांना कितीही दिलं तरी कमीच भरतं.

नेवऱ्या करायला मी शनिवारी येतेय, ह्यांना सांगून ठेवलंय. बाबा, गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीच्या बाजाराला माझ्याशिवाय जाऊ नका. रानातली कांगणं आणि सुपारीची शिपटी नीट बघून घ्यावी लागतात, तुम्ही पहिल्याच बाईकडे पिशवी भरून मोकळे होता. आणि आई, सारण तू एकटीने आधीच करून ठेवू नकोस. गेल्या वर्षी वेलची कमी पडली होती, यंदा मी इथून घेऊन येते.

तुमची,
बाय