खेळातल्या जगात आम्हीही राहतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'करमणुकीच्या खेळांत तरी हे समलिंगी वगैरे विषय नकोत', असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी समलिंगी आहे आणि गेली बारा वर्षं ऑनलाइन फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे स्वतःचं पात्र घडवून काल्पनिक जगात इतरांसोबत खेळायचे खेळ, खेळतो. त्या पत्राने मला वाईट वाटलं, म्हणून लिहितो आहे.

या खेळांत एखादी बाई आपला नवरा जंगलात हरवलाय म्हणून आपल्याला शोधायला पाठवते. राजाला राणी असते, सरदाराची मुलगी शिपायाच्या प्रेमात पडते. तेव्हा 'खेळात नवरा-बायको कशाला?' असं कुणी विचारत नाही. हरवलेल्या नवऱ्याला शोधायला सांगणारा पुरुष असला, की मात्र त्याचा लगेच 'विषय' होतो.

२००६ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका खेळाडूने चॅटवर आपल्या गिल्डसाठी, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटासाठी, सदस्य हवेत असं लिहिलं. एलजीबीटी खेळाडूंचं इथे स्वागत आहे, एवढीच त्यात भर. तो गेम चालवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने ताकीद तिलाच दिली, आणि तीही छळवणुकीविरुद्धच्या नियमाखाली. कारण काय, तर असे विषय निघाले की भांडणं आणि त्रास सुरू होतो! टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली. पण त्रास होईल म्हणून ज्याला त्रास होणार त्यालाच गप्प करायचं, ही खोड आजही अनेक ठिकाणी दिसते. मी खेळायचो त्या एका गेममध्ये चॅटच्या फिल्टरमुळे 'गे' हा शब्दच उमटत नसे. शिव्या देणारे स्पेलिंग बदलून खुशाल देत आणि मला स्वतःबद्दल एक वाक्य लिहिता येत नसे.

'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' अवकाशात घडत असला तरी बाज तोच, तलवारींचा आणि गूढ शक्तींचा. २०११ मध्ये तो आला तेव्हा प्रेम जुळायचं ते फक्त स्त्री-पुरुषांत. २०१३ मध्ये समलिंगी प्रेमाला जागा मिळाली, तीही माकेब नावाच्या एकाच ग्रहावर. वेशीबाहेर दिलेली जागाच ती.

याउलट 'फायनल फँटसी फोर्टीन'ने डिसेंबर २०१४ मध्ये लग्नविधी आणला तो कुठल्याही दोन खेळाडूंसाठी. अंगठी मिळते, ती वापरली की थेट जोडीदाराजवळ पोचता येतं. दोघांनी बसायचा चोकोबो पक्षीही मिळतो. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये मारा देवीच्या साक्षीने शपथ घेतलेले दोघे अंगठ्या घालून एकत्र लढले की पात्राची पातळी वाढवणारे अनुभव-गुण दहा टक्के जास्त मिळतात, मग ते दोघे कुणीही असोत. मला हे फार मोलाचं वाटतं. आम्ही आहोत हे इथे खेळाच्या नियमांनीच गृहीत धरलेलं आहे, त्यासाठी वेगळा झेंडा लावावा लागलेला नाही.

पात्रं लिहावीत तीही अशीच. वॉरक्राफ्टच्या २०२० च्या 'शॅडोलँड्स' या नव्या भागातला पेलागोस मरणापूर्वी स्त्रीदेहात जगलेला, मरणोत्तर जगात त्याला पुरुषाचं रूप मिळालं. ते तो एकदा सांगतो आणि कथा पुढे जाते. शेवटी मृतात्म्यांचा निवाडा करण्याचं काम त्याच्याकडेच येतं.

आता माझ्या गिल्डमधली एक गोष्ट सांगतो. आम्ही पाचजण मराठीत चॅट करतो. आमचा हीलर, म्हणजे जखमी साथीदारांना बरं करणारा, दोन वर्षं माइक सुरूच करत नव्हता. पात्र बाईचं, पण चॅटवर 'आलो', 'मेलो', 'थांबा, बरा करतो'. एका रात्री ड्रॅगनशी सातव्यांदा हरून आम्ही सगळे पुन्हा दाराशी जमत होतो आणि स्क्रीनवर ओळ उमटली : 'आले.' मिनिटभर कुणीच काही लिहिलं नाही. मग आमच्या टँकने, म्हणजे पुढे राहून वार झेलणाऱ्याने, लिहिलं, 'ये. तुझ्यासाठीच थांबलोय.' आठव्या प्रयत्नात ड्रॅगन पडला. आपण ट्रान्स आहोत हे तिने घरी सांगितलं त्यानंतर वर्षभराने. ते पात्र घडवताना 'स्त्री' हा पर्याय निवडला, तेव्हा पहिल्यांदा आपण आपल्याला दिसलो, असं ती म्हणते.

अशा खेळात हे विषय नकोत म्हणणाऱ्या वाचकांनी तिने कुठे जायचं तेही सांगावं.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. आपल्या अंकात नव्या गेमची परीक्षणं येतात. ग्राफिक्स आणि लढाईबद्दल लिहिता, तसं पात्र घडवताना काय काय निवडता येतं, लग्नाचा नियम कुणाला लागू आहे आणि चॅटमधल्या शिवीगाळीची तक्रार केल्यावर पुढे काय होतं, हेही तपासून लिहा. गेम विकत घेण्याआधी आमच्यासारखे लोक हेच शोधत असतात.

आपला,
एक नियमित वाचक