शेजारच्या गाळ्यातल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

शाल-श्रीफळ घेऊन आले होते, तर नारळ तेवढा ठेवून घेतलात आणि शाल परत केलीत. "लोंबतं काही नको, दिवसभर मशीनवर असतो मी," म्हणालात. म्हणून हे पत्र. हे तरी मशीनच्या चकात (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात) अडकायचं नाही.

तुम्ही आमच्या पोराचं बोट वाचवलंत, एवढं भोसरीतल्या आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कसं वाचवलंत, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलं. ड्रिल मशीनवर पाच एमएमच्या एमएस (माइल्ड स्टील, साध्या पोलादाच्या) प्लेटला बारा एमएमचं भोक चाललं होतं. प्लेट डाव्या हाताने धरलेली, हातात सुती मोजे. ड्रिल खालून आरपार निघता निघता प्लेटमध्ये अडकलं, प्लेट गर्रकन फिरली आणि मोजा ड्रिलला गुंडाळला गेला. साडेसहाशे आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला जवळजवळ अकरा फेरे. 'अरे' म्हणायलाही फुरसत मिळत नाही.

आमच्यातलाच कुणीतरी "मशीन उलटी फिरवा" म्हणून ओरडला. तुम्ही आलात ते थेट भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढत, आणि "स्पिंडलला (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याला) कुणी हात लावायचा नाही" एवढंच बोललात. मोटर उलटी फिरवली असती तर होती ती कातडीही सोलून निघाली असती, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. तुम्ही कात्रीने मोजाच कापून हात सोडवलात. सूज चढायच्या आत त्याची चांदीची अंगठी काढलीत, स्वच्छ फडकं दाबून धरलंत आणि रिक्षात त्याचा हात सारा वेळ वर धरून बसलात. लांडेवाडीच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या, तिथेही हात खाली येऊ दिला नाहीत. बोटाच्या पुढच्या भागावर दुसरीकडची कातडी लावावी लागली. बोट मात्र शाबूत आहे, वाकतंही.

पण माझे खरे आभार त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहेत.

पोरगा बरा होऊन आला त्या सकाळी तुम्ही चहाला म्हणून आलात. आता चांगली हजेरी घेतली जाणार, असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही त्याला एकच विचारलंत, "मोजे का घालत होतास?" तो म्हणाला, "प्लेटच्या कडा कापतात, काका." खरंच होतं ते. शिअरिंगवरून (प्लेट कापून) आलेल्या कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, कुणी काढतच नव्हतं. ड्रिलवर मोजे नकोत ही पाटी आमच्याकडे कधीपासून होती. पाटी वाचून कडा बोथट होत नाहीत. तुम्ही बर काढायचं काम ड्रिलच्या आधी, कटिंगलाच लावून दिलंत, आणि मोजे घालायचं कारणच संपलं. प्लेटी उचलायला मोजे आहेतच. मशीनच्या खांबाला तुम्ही खिळा लावलात, चालू करण्याआधी ते त्यावर जातात.

मग मशीनकडे वळलात. टेबलावर वाइस (जॉब आवळून धरणारा शिकंजा) बोल्टने पक्की केलीत. वाइसमध्ये न मावणाऱ्या लांब पट्ट्यांना क्लॅम्प, आणि पट्टीचं लांब टोक खांबाच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवायचं. ड्रिल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, म्हणजे सुटलेली पट्टी आपल्या पोटात न येता खांबावर आपटते. इतकी वर्षं मशीन समोर असून हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पातळ पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा आला. चकमध्ये विसरली तर गोळीसारखी उडणारी, चक आवळायची जुनी चावी भंगारात गेली आणि हात काढताच आपोआप बाहेर येणारी स्प्रिंगवाली आली. स्विच इतका मागे होता की चालू ड्रिलवरून हात न्यावा लागे. तो पुढे आणून त्याला मोठं लाल बटण बसवलंत.

स्पीडचा तक्ता तुमच्याच अक्षरात आहे, मी फक्त वर प्लॅस्टिक लावलं. एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल, एमएसचा जॉब: 6 एमएमला 1300 आरपीएम, 12 ला 650, 20 ला 400 च्या आसपास, एसएसला (स्टेनलेस स्टीलला) त्याच्या निम्मं. स्पीडसाठी बेल्ट बदलायचा कंटाळा म्हणून पूर्वी सगळी भोकं एकाच स्पीडवर व्हायची. ड्रिल जळायचं, बोथट व्हायचं, मग अंगाचा भार टाकून दाबायचं, आणि दाबलं की आरपार निघताना ते हमखास अडकायचं. आता ड्रिल्स कमी लागतात, हे माझ्या वहीतही दिसतं. (वडील असते तर त्यांनी आधी तेच विचारलं असतं.) मध्येमध्ये ड्रिल वर उचलल्याने धातूच्या लांब गुंडाळ्या तुटतात, आणि त्या काढायला ब्रश आहे. हाताने किंवा फडक्याने काढायला जाणाऱ्याला आता पोरंच ओरडतात.

एकाच बाबतीत तुमचं पटायला वेळ लागला. खंडेनवमीला झेंडूची माळ आम्ही वर्षानुवर्षं चकलाच घालत आलो. तुम्ही म्हणालात, माळ हेडवर (मशीनच्या वरच्या, न फिरणाऱ्या भागावर) घाला, आणि दुसऱ्या दिवशी चालू करण्याआधी तीही काढा. आईला रुचलं नव्हतं. दोऱ्यात ओवलेली माळ फिरत्या चकला काय करेल ते पोराने तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती स्वतः उठून माळ हेडवर घालून आली.

पोरगा आता नव्या हेल्परला मशीन शिकवतो. तुमच्यासारखाच, कमी बोलून.

आणि एक काम आहे. आपलं बघून कोपऱ्यावरच्या गाळ्यातल्यांनीही खांबाला टेकवून पट्ट्या लावायला सुरुवात केलीय, पण उजव्या बाजूने. माझं ऐकत नाहीत. जेवणाच्या सुटीत एक चक्कर टाका.

आपली,
शेजारच्या गाळ्यातली