ठकीचं बाळंतपण

गावभाग, सांगली
२८ जुलै

प्रिय दिल्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानाच्या दारात टेम्पो उभा होता आणि हमाल माझ्या नावानं ओरडत होता, म्हणून दोन शब्दांत उरकलं. तुमची मनी मांजर गाभण आहे आणि वहिनींनी धसका घेतलाय, एवढं डोक्यात राहिलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही. निम्मं तू ऐकणार नाहीस आणि निम्मं मी विसरणार. आमची ठकी गेल्या महिन्यातच व्यायली, सगळं ताजं आहे, म्हणून लिहूनच काढतो.

तू विचारलंस, मध्यरात्री व्यायली तर आम्ही काय करायचं? मर्दा, बहुतेक वेळा काही करायचं नाही. बसायचं आणि घड्याळाकडे बघायचं. वाटतं तेवढं हे सोपं नाही. तुझ्यासारख्या चुळबुळ्या माणसाला तर फार अवघड.

आधी दिवस मोज. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ भरतात, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. मनी कधी माजावर होती, कधी गॅलरीतून पसार झाली होती, हे वहिनींना नक्की आठवत असेल. बायकांना तारखा आठवतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सड गुलाबी होऊन वर येतात, ठकीचं आम्हाला त्यावरूनच कळलं. दीड महिना उलटला की डॉक्टर एक्स-रे काढून पिल्लं किती ते सांगू शकतात. हा खर्च कर. आकडा माहीत असला की संपलं की अजून बाकी आहे, हा घोळ रात्री दोन वाजता घालावा लागत नाही. आमच्या डॉक्टरांनी चार सांगितली होती आणि तो चारचा आकडाच पुढे उपयोगी पडला.

अजून एक खूण आहे, तापाची. मांजरीचं अंग एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असतं. व्यायच्या आधी साधारण एक दिवस ते १०० च्या खाली उतरतं. पण हे थर्मामीटर शेपटीखाली लावायचं असतं. ठकीनं ते एकदा लावून घेतलं, त्यानंतर माझ्या हातात पेन दिसलं तरी ती माळ्यावर. तेव्हा तुमची मनी गरीब असेल तरच त्या वाटेला जा.

खोकं मात्र आधी आठवडाभर तरी मांडून ठेव. आम्ही बिस्किटांचं मोठं खोकं घेतलं. एका बाजूला दार कापलं, पण खाली वीतभर उंबरा ठेवला, म्हणजे आई आतबाहेर करते आणि पिल्लू घरंगळत नाही. खाली वर्तमानपत्रं, वर आईच्या जुन्या नऊवारीचे तुकडे. टॉवेल घालू नकोस, त्याच्या फासांत पिल्लांची नखं अडकतात. सविता फिनेलनं खोली पुसायला निघाली होती, तिला डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. फिनेल, डेटॉल असली औषधं मांजराला सोसत नाहीत. त्यांचं लिव्हर ते पचवू शकत नाही आणि चाटून चाटून ते सगळं पोटात जातं. गरम पाणी आणि साधा साबण पुरे. तसंच कणकण वाटते म्हणून पॅरासिटामॉलची चिमूट कुणी देऊ पाहील, त्याचा हात धर. मांजर त्यानं मरतं.

आता आमच्याकडची रात्र ऐक. पाऊस लागला होता, वीज जात-येत होती. ठकीनं दुपारपासून ताटलीला तोंड लावलं नव्हतं. खोक्यात जायची, पंजानं कपडे उकरायची, बाहेर यायची, सविताच्या पायात घुटमळायची. संध्याकाळी धापा टाकायला लागली, तोंड उघडं, आणि त्यातच घुर्रघुर्र चालू. मांजर सुखात असतं तेव्हाच घुरघुरतं असं मी समजत होतो. दुखत असतानाही घुरघुरतं. हा पहिला टप्पा बराच लांबतो, बारा तास आणि कधी त्याहूनही जास्त. पहिलटकरीण असली तर धीर धरायचा. दिवा मंद केला, शाळकरी मनूला आणि तिच्या मैत्रिणींना खालच्या खोलीत पिटाळलं. शेजारच्या कुलकर्णीकाकू तेवढ्या हलेनात. त्यांना वार हवी होती, पिल्लामागोमाग पडते ती! मांजरीची वार तिजोरीत ठेवली की लक्ष्मी टिकते म्हणे. म्हटलं, काकू, ती वार ठकीची आहे, तिला विचारा. काकूंनी खोक्यात हात घालायचा बेत केला आणि ठकीनं जे कान मागे पाडून फिस्कारलं, त्यावर तिजोरीचा विषय मिटला.

रात्री उशिरा खऱ्या कळा आल्या. पोटावरून सरसर लाट जाते ती डोळ्यांना दिसते. पहिलं पिल्लू डोक्यानं आलं, पातळ करड्या पिशवीसकट. ठकीनं पिशवी दातानं फाडली, तोंड चाटून मोकळं केलं, नाळ चावून तोडली आणि मागोमाग आलेली वार खाऊन टाकली. हे सगळं तिला कुणी शिकवलं? आम्ही नुसते बघत होतो. आईनं तेवढ्यात कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, ‘पिल्लू १, वार १’. हा हिशेब तूही ठेव. पिल्लागणिक एक वार. एखादी आत राहिली तर दोन-तीन दिवसांनी ताप आणि घाण वास सुरू होतो. वारा खाल्ल्या तर खाऊ दे, फार झाल्या तर जुलाब होतात एवढंच.

दुसरं शेपटीकडून आलं. सविताचा जीव वर, पण मांजरांत हे नेहमीचं आहे, बरीच पिल्लं पायाळूच जन्मतात. ते धडपणे बाहेर पडलं न पडलं तोच तिसरं आलं, आणि ठकी अजून दुसऱ्याची नाळ तोडतेय. तिसरं तसंच पिशवीत, आतून तोंडाची उघडझाप होताना दिसत होती. इथं मात्र बसून चालत नाही. पिशवीतलं पिल्लू मिनिट-दोन मिनिटांत गुदमरतं. मी बोटानं नाकाजवळची पिशवी चिमटीत धरून फाडली. ती वाटते त्यापेक्षा चिवट असते, ओल्या प्लॅस्टिकसारखी सटकते. तोंडातला चिकटा कापसानं पुसला, डोकं जरा खाली धरून पंच्यात घेतलं आणि पाठीवरून खसाखसा चोळलं. चोळायला भीती वाटते, एवढासा जीव. पण हळुवारपणे काही होत नाही, आईची जीभ खरखरीतच असते. थोड्या वेळानं ते शिंकलं आणि मग जे किंचाळलं, ते खालून मनूला ऐकू गेलं. जुनी माणसं पिल्लू हातात धरून झटका देतात, ते करू नकोस. डोक्याला इजा होते. नाळ तोडायची वेळ आलीच तर पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्यानं घट्ट बांध, गाठीच्या पलीकडे काप आणि टोकाला आयोडीन लाव. पिल्लू लगेच आईच्या तोंडाशी ठेव.

तीन झाली आणि ठकी थांबली. पाणी प्यायली, तिन्ही पिल्लं पोटाशी घेऊन चक्क झोपली. कॅलेंडरवर तीन, एक्स-रेत चार. सविता म्हणे, अडलं असेल, रिक्षा बोलवा. डॉक्टरांना उठवलं. त्यांनी एवढंच विचारलं, कळा देतेय की निवांत आहे? निवांत असेल, पिल्लांना पाजत असेल, तर राहू द्या. मांजर मधेच विश्रांती घेतं, कधी दिवसभरही. कळा देऊनही काही येत नसेल, तर मात्र गाडी काढा. हे वहिनींना मोठ्या अक्षरात लिहून दे: जोराच्या कळा वीस मिनिटं-अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, किंवा पिल्लू अर्धं बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलंय, किंवा लालभडक रक्त धारेनं जातंय, किंवा घाण वासाचा स्राव येतोय, तर घरी खटपट करायची नाही. अडकलेलं पिल्लू ओढायचं नाही. खोक्यासकट दवाखान्यात. चौथं आमच्याकडे उजाडता उजाडता आलं, आपणहून.

ते चौथं पिल्लू हाच पुढचा सगळा व्याप. पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं. हे सत्तरचंही नव्हतं. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वर नेला, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात फडकं. हळद तोलायच्या काट्यावर मी रोज सकाळी मांजरं तोलत होतो आणि आकडे उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. बाकीची तिघं वाढत होती, हे तिथल्या तिथंच. पिल्लं दोन-तीन दिवसांत आपापला सड ठरवून घेतात, आणि दांडगी मागच्या भरल्या सडांवर बसतात. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसाचा चीक याच्या पोटात गेलाय ना, मग काळजी नको, वरून दूध द्या. चीक महत्त्वाचा, आईची रोगाशी लढायची ताकद त्यातूनच उतरते आणि पिल्लाचं पोट ती पहिल्या दिवसातच घेऊ शकतं, नंतर नाही.

वरचं दूध म्हणजे गाईचं नव्हे. आई वाटीत दूध-पाणी घेऊन तयारच होती. पण मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाहून कितीतरी जास्त. गाईच्या दुधानं पोट बिघडतं आणि पिल्लू वाढत नाही. विश्रामबागेत एका दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळाली. पालथं ठेवूनच पाजायचं, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंस तर दूध फुप्फुसात जातं. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध; थंड पोटात दूध जिरत नाही. पहिले तीन-चार आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पावसाळ्यात हे फार सांभाळावं लागतं. रबरी पिशवीत गरम पाणी, तिला फडकं गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा. आईनं चाटल्याशिवाय ती शू-शी पण करू शकत नाहीत. ठकी ते चोख करत होती, नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस फिरवावा लागतो.

ठकीच्या खाण्यावरून घरात वेगळंच महाभारत. आईचा चातुर्मास, आणि बाळंतिणीला हवं चिकन. शेवटी मागच्या अंगणात स्टोव्ह मांडला. एका अर्थी सोयच झाली, कारण मांजराला कांदा-लसूण विषच, आणि आमच्या घरात सध्या तो नाहीच. पाजत्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घाल, पिल्लांसाठीचं कोरडं खाणंही तिलाच दे. ती थरथरायला लागली, चालताना अडखळली, तर कॅल्शियम उतरलेलं असतं. त्यात थांबायचं नाही, लगेच डॉक्टर.

दहा दिवसांच्या सुमाराला डोळे उघडले. आधी एकाचा एक, मग दुसरा, पोरं नुसती खोक्यावर ओणवी. ठकीला ते सोसलं नाही. एका दुपारी चौघांना मानेला धरून माळ्यावर नेलं, हळदीच्या जुन्या पोत्यांवर. काकू म्हणाल्या, सात घरं फिरवणारच, आणि पुढं, मांजरीला नदीचं कळतं. तुला आठवतं, २०१९ च्या पुरात दुकानात पाणी कुठवर होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ ला धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे, त्यामुळे काकूंचं बोलणं अर्ध्या गल्लीनं मनावर घेतलं. माझं मत विचारशील तर तिला पोरांच्या गोंगाटाचा कंटाळा आला होता. नदी तेव्हा पात्रातच होती.

पिल्लांत तीन माद्या, त्यातली एक आईसारखीच तिरंगी, आणि एक नारंगी बोका. मनूनं शाळेत नुकतंच शिकलेलं ऐकवलं, नारंगी रंगाची खूण एक्स गुणसूत्रावर असते म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. बाप कोण यावर गल्लीत दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही खरे असू शकतात. एका वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असतात.

सत्तर ग्रॅमवालं अजून सगळ्यात लहान आहे, पण भांडणात पुढे. आता मऊ खाणं चाटायला लागलीत. जंतांचं औषध सुरू झालंय, दीड-दोन महिन्यांची झाली की लसी, आणि त्याआधी कुणालाच द्यायची नाहीत. दोघींना घरं ठरली आहेत. दूध तुटलं की ठकीचं ऑपरेशन. मनीचंही करून टाक, आणि तोवर गॅलरीचं दार लावून ठेव. पाजत असतानाही मांजर पुन्हा माजावर येतं, तेव्हा ‘अंगावर पितायत’ या भरवशावर राहू नकोस.

मनीची तारीख काढलीस की कळव. वहिनींना सांग, धसका घेऊ नका, कॅलेंडर आणि पेन्सिल तयार ठेवा.

तुझा,
बाळ्या

ता. क. – रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण आहे ते आत्ताच विचारून ठेव आणि नंबर फ्रिजवर चिकटव. बोचकारून घ्यायला कुणीतरी हवंच असेल तर मी येतो, पण रविवारी दुकान बंद असतं तेव्हाच. मनीला तसं सांग.