अडीच जोड्यांची तपासणी

ती. आई-बाबांस सा. न.

मंगळवारी सकाळी साडेसातला लॅबचा मुलगा हिपॅटायटिस बीच्या तपासणीसाठी तुमचं दोघांचं रक्त घ्यायला घरी येईल. न विचारता ठरवलं, रागावू नका, विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "आम्हाला काय धाड भरलीये?" उपाशी राहायचं नाही. चहा-पोहे नेहमीसारखे होऊ द्या.

इथं चायनाटाउनमध्ये तपासणीला येणारे आजी-आजोबाही हेच म्हणतात. हिपॅटायटिस बी, यकृताला सूज आणणारा विषाणूचा आजार, म्हणजे त्यांचं 'यीगान', आणि तो शब्द ते हळू आवाजात उच्चारतात. चीनमध्ये यावरून नोकऱ्या नाकारल्या जायच्या. नोकरीपूर्वीच्या या तपासणीवर बंदी आली २०१० साली. भीतीपायी घरात वाडगेसुद्धा वेगळे काढतात, पण हा विषाणू जेवणातून पसरत नाही. तो रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. तान्हेपणी लागण झाली तर दहातल्या नऊ जणांना जन्मभर चिकटतो. आई, मामाला हेच झालेलं, आठवलं ना? म्हणूनच तुझीही तपासणी. आजीला दोष देऊ नकोस, तिला कुठून कळणार होतं? बाळांना लस आपल्याकडे देशभर मिळू लागली तीच २०११ साली.

चिनी लोक या तपासणीला 'अडीच जोड्या' म्हणतात: सरफेस अँटिजेन (विषाणूचा अंश) नि त्याची अँटीबॉडी (त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रथिन), ई-अँटिजेन नि त्याची अँटीबॉडी, आणि एकटी कोअर अँटीबॉडी, जिचा जोडीदार रक्तात सापडत नाही. आपल्याला ई नको, बाकीच्या तिन्ही हव्यात. घोटाळा त्या अर्धीतच होतो. लॅब कोअर अँटीबॉडीचा 'आयजीएम' हा एकच प्रकार तपासून मोकळी होते. त्यात फक्त ताजी लागण दिसते. चिठ्ठीवर 'टोटल', म्हणजे जुनी-ताजी दोन्ही, असं लिहिलंय, बाबा, चष्मा लावून बघा. जुनी लागण बरी झालेली असली, तरी सांधेदुखीवरच्या स्टेरॉइडनं विषाणू पुन्हा उठू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि यकृताची नेहमीची तपासणी, एसजीपीटी, नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असं नाही.

तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस: लगेच, महिन्यानं, सहा महिन्यांनी. रक्त मात्र लसीआधीच द्यायचं. नंतर काही दिवस लसच रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकते. सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह आलं तरी घाबरायचं नाही. पुढच्या तपासण्या होतील, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू, आणि गोळी लागलीच तर ती मनानं कधीही बंद करायची नाही. एकदम थांबवली की यकृत भडकतं.

आई, सुई बघून मी तुझ्या पदरात तोंड लपवायची. मंगळवारी तू बाबांच्या शर्टात लपव.

रिपोर्टचा फोटो पूर्ण काढा. मागच्या वेळी निम्म्यात बाबांचा अंगठा होता.

तुमची,
बेबी